वॉल्टरसाहेबांचा झब्बा

आमच्या धायरीच्या सोसायटीने आजवर एकाच अमेरिकन माणसाचा सत्कार केला आहे, आणि त्याला सहा वर्षांच्या मुलाच्या मापाचा झब्बा दिला आहे. माणूस सत्तरीला टेकलेला होता. दोष द्यायचाच तर माझ्या जिभेला द्यावा लागेल.

त्या वेळी मी खराडीत एका सॉफ्टवेअर कंपनीत होतो. दोन वर्षं अमेरिकेला, तेही एकट्याने, कोणाला पाठवायचं, हे तिकडून आलेले वॉल्टरसाहेब ठरवणार होते. मी, की माझ्या शेजारच्या खुर्चीवरचा निखिल, एवढाच प्रश्न उरला होता. निखिल अविवाहित, हुशार आणि (हे सगळ्यात वाईट) नम्र. माझी बायको मीनल मात्र दोन मोठ्या बॅगा आणून मोकळी झाली होती.

एकदा कॅन्टीनमध्ये साहेब सहज म्हणाले, की लहानपणी त्यांनी सिनेमात काम केलं होतं. गल्लीतल्या उनाड पोरांच्या टोळीचे ते छोटे विनोदी चित्रपट, वर्षानुवर्षं निघत राहिलेले. माझा घास हातातच राहिला. अहो, ते चित्रपट आमच्या घरात रोज संध्याकाळी चालायचे! माझे वडील अण्णा, म्हणजे चित्रकलेचे निवृत्त शिक्षक, यांनी ते लहानपणी कॅम्पातल्या थिएटरात पाहिले होते. आता कुठून कुठून सीडी मिळवून ते सोसायटीतल्या पोरांना दाखवत. आधी पाढे, मग पिक्चर, असा कडक नियम होता.

"रविवारी आमच्याकडे जेवायलाच या," मी साहेबांना म्हणालो. म्हणताना निखिलकडे पाहिलं, हे कबूल.

संध्याकाळी जिन्यात सोसायटीचे सेक्रेटरी जगतापकाका भेटले. त्यांचा नातू रोज आमच्याकडे पिक्चरला असायचा, आणि त्याला न्यायला आलेले काका स्वतःही शेवटपर्यंत बसायचे. मला गप्प बसवेना.

"काका, त्या टोळीतला एक जण रविवारी आमच्याकडे येतोय."

"त्या पिक्चरमधला? खरा?"

"अगदी खरा."

"मग नुसतं जेवण घालून कसं चालेल? सत्कार करू."

पुण्यात बाहेरचा माणूस हाती लागला की त्याचा सत्कार करतात, त्यात विचार करण्यासारखं काही नसतं. मी हो म्हणालो आणि वर गेलो.

रविवारी खाली पार्किंगमध्ये खुर्च्या, माईक आणि 'बालकलाकाराचे हार्दिक स्वागत' असा फलक. माझी सात वर्षांची मुक्ता सायकल लख्ख पुसून उभी होती. त्या टोळीत एक सगळ्यात लहान पोरगा होता, कायम मागे राहून कान हलवणारा. साहेबांनी मला जे सांगितलं होतं, त्यावरून अण्णांनी ताडलं होतं की येणारा पाहुणा तोच. मुक्ताचा तो जीव की प्राण. त्याला सायकलवर चक्कर मारायला द्यायची, असं तिने ठरवलं होतं. (मला ती सायकलला हातसुद्धा लावू देत नसे.)

गाडी थांबली. टक्कल, जाड चष्मा, हातात काठी, असे वॉल्टरसाहेब उतरले. पोरं त्यांना वळसा घालून गाडीत डोकवायला लागली.

"मुलगा कुठाय?" जगतापकाकांनी माझ्या कानात विचारलं.

"हेच ते."

"हे? अहो, मी नातवाच्या मापाचा झब्बा आणलाय. रोज तर पिक्चरमध्ये बघतो त्याला!"

"जगताप," अण्णा शांतपणे म्हणाले, "पिक्चर काळापांढरा आहे. त्यावरून अंदाज यायला हरकत नव्हती."

पण भाषण लिहून झालं होतं, आणि लिहिलेलं भाषण वाया घालवणं काकांच्या रक्तात नाही. 'या चिमुकल्याचे भवितव्य उज्ज्वल आहे,' हे वाक्य त्यांनी दोनदा वाचलं. मग झब्बा साहेबांच्या खांद्यावर शालीसारखा घातला. एक बाही छातीवर लोंबत राहिली. माझी अमेरिका त्या बाहीला धरून लोंबत होती.

तेवढ्यात मुक्ताने भोकाड पसरलं. "हा तो नाहीये. बाबा, तू खोटं बोललास."

"काय म्हणते?" साहेबांनी इंग्रजीत विचारलं.

"तिला फार आनंद झालाय," मी सांगितलं.

साहेबांनी तिच्याकडे नीट पाहिलं. चष्मा काढला, वाकले आणि दोन्ही कान हलवले. मुक्ताचं रडं थांबलं. नाक पुसत तिने विचारलं, "मग तू एवढा म्हातारा का झालास?"

हे मात्र मी जसंच्या तसं सांगितलं. दुसरं काही सुचलंच नाही.

"एका उन्हाळ्यात माझी उंची वाढली," साहेब म्हणाले. "पुढच्या मुलाच्या डोक्यावरून दिसायला लागलो. स्टुडिओवाल्यांनी आईचे आभार मानले आणि आम्हाला घरी पाठवलं. माझीच पँट नव्या मुलाला घातली."

अण्णा पुढे झाले आणि त्यांचा हात हातात घेतला. "आम्हाला कळलंच नाही हो," ते मराठीतच म्हणाले. "आम्ही आपले हसत होतो." त्याचं भाषांतर कोणी मागितलं नाही.

मुक्ता साहेबांसमोर उभी राहिली, गाल ताणले आणि तिनेही कान हलवले. दोन्ही, व्यवस्थित. साहेब खदखदून हसले.

"कधी शिकली ही?" त्यांनी मला विचारलं.

"तिला हे येतं, हेच मला माहीत नव्हतं," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. नंतर वर जेवताना मटकीची उसळ दोनदा मागून घेतली, तेव्हा मीनलने मला डोळ्यांनी 'झालं काम' अशी खूण केली.

सोमवारी साहेबांनी बोलावून घेतलं. "निखिल जाईल," ते म्हणाले. "मी आईबरोबर स्टुडिओत असायचो, वडील दूरच्या गावी नोकरीला. मी किती वाढलो, हे ते थिएटरात तिकीट काढून बघायचे. तू मुलीजवळ राहा."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. निम्मं त्यांच्या वडिलांसाठी होतं, निम्मं अमेरिकेसाठी. मीनलने त्या बॅगांमध्ये रजया भरल्या आणि आठवडाभर माझ्याशी कामापुरतंच बोलली.

तर मी मुलीजवळ राहिलो. म्हणजे ती उठायच्या आत धायरी सोडायची, अख्खं पुणं ओलांडून खराडी गाठायची, आणि ती झोपल्यावर परत यायचं. कामातलं काही अडलं की निखिल अमेरिकेतून माझ्या घरी फोन करायचा. मी ट्रॅफिकमध्ये, त्यामुळे फोन मुक्ता उचलायची. तिचे पुढचे दोन्ही दात पडले, ही बातमी मला निखिलने दिली.