पाण्याखालचा दीड मैल

रस्ता सव्वीस मैलांचा आणि त्यातले सहा मैल काकूंचे. कागदोपत्री ते रस्ते खात्याचेच. पण तिथले खड्डे बुजवणं, गटारं मोकळी ठेवणं, कडेच्या दगडांना चुना देणं हे काम नवऱ्याच्या माघारी काकूंकडे आलं आणि बावीस वर्षं त्यांच्याकडेच राहिलं. बोटांच्या पेरांत चुना कायमचा बसलेला, म्हणून सगळे त्यांना चुनेवाल्या काकू म्हणत.

हा रस्ता पूर्वी नदीच्या काठाकाठानं जायचा. आधी पायवाट होती, मग गाडीवाट झाली, मग खडी पडली. पुढे धरण आलं. खालचं गाव उठलं, रस्ता टेकडीवर नेला आणि जुना दीड मैल पाण्यात गेला. काकूंचं माहेर त्याच गावातलं. घराची पायरी थेट रस्त्यावर उतरायची. खडी पसरायला आलेला एक लाजाळू मजूर त्या पायरीशी पाणी मागायला आला आणि तहान नसली तरी येत राहिला. त्याच्याशीच काकूंचं लग्न झालं.

उन्हाळा सरता सरता धरण आटायचं आणि तो दीड मैल हळूहळू वर यायचा. आधी वळण, मग मोरी, मग दोन्ही कडांचे गुडघाभर उंचीचे दगड, गाळानं माखलेले. काकू बादली घेऊन खाली उतरायच्या. गाळ खरवडायच्या, चुना द्यायच्या. एकेक दगड पांढरा होत जाई तसं त्यांना वाटे, आता शिंप्याचं मशीन ऐकू येईल, शाळेच्या व्हरांड्यातून कुणीतरी हाक मारील. ऐकू यायचा तो नुसता वारा. आठवड्याभरात काम उरकायचं. मग पाणी चढायचं आणि सगळं धुऊन न्यायचं.

मुकादम नवऱ्याचा जुना दोस्त. चुना जास्त का लागतो, हे त्याला ठाऊक होतं. त्यानं एकदाच विचारलं, “वहिनी, ते दगड बघणार कोण?”

“मी बघते की, भाऊजी.”

त्यानं पुन्हा तो विषय काढला नाही.

एका वर्षी धरणात पाणी नावालाच उरलं आणि नेमका तेव्हाच टेकडीवरचा पूल एका बाजूनं खचला. पलीकडच्या गावांना दवाखान्याची वाटच राहिली नाही. नव्यानं आलेल्या इंजिनीअर बाईंनी नकाशे पालथे घातले. जुना रस्ता त्यांत नव्हताच. शेवटी मुकादम त्यांना धरणाच्या काठावर घेऊन गेला, काकूंनाही सोबत घेतलं. समोर भेगाळलेला तपकिरी गाळ आणि त्यातून दगडांच्या दोन पांढऱ्या ओळी संथ वळण घेत पलीकडे गेलेल्या. हे कुणी केलं म्हणून बाईंनी विचारलं. खात्याचा चुना पाण्यात घातला, आता नोकरी गेली असं धरूनच काकू पुढं झाल्या.

“खाली रस्ता पक्का असेल का?” बाईंनी विचारलं.

“वीतभर गाळ ओढा, खडी लागेल. आमच्या घरच्यांनी पसरलीये ती.”

चार दिवसांत गाळ ओढला आणि बस सुरू झाली. पहिल्या फेरीला ड्रायव्हरनं काकूंना आपल्या मागच्या सीटवर बसवलं. बस माणसाच्या चालीनं निघाली. हे शिंप्याचं, ही शाळा, असं काकू हळू आवाजात सांगत होत्या. मागून एका म्हाताऱ्यानं लोहाराचं घर कुठं होतं ते विचारलं. काकूंनी बोट दाखवलं. कुणी सांगितलं नव्हतं, तरी ड्रायव्हरनं बस थांबवली. म्हातारा उतरला, चिखलाच्या एका चौकोनात दार उघडायची वाट पाहिल्यासारखा उभा राहिला आणि परत येऊन बसला. बसमध्ये कुणी घाई केली नाही.

बस तेवीस दिवस धावली. मग पूल उभा राहिला, पाणी चढलं. बाईंनी जुना दीड मैल तुटक रेषेनं नकाशात घालून घेतला.

काकू दोन वर्षांनी निवृत्त होऊन लेकीकडे राहायला गेल्या, तिसऱ्या मजल्यावर. दुपारी त्यांचा डोळा लागतो. लेक सांगते, झोपेतही आईचे पाय हलत असतात, लांबवर कुठंतरी चालत निघाल्यासारखे.