टीपताईचं उदाहरण

आमच्या ऑफिसात तिला सगळे टीपताई म्हणतात. मॅन्युअल लिहिणं हे तिचं काम, आणि कशालाही खाली टीप जोडल्याशिवाय बाईला चैन पडत नाही. मायक्रोवेव्हवर तिचा कागद अजून चिकटलेला आहे: ‘टीप: डब्याचं झाकण काढा. मागच्या वेळचं आठवा.’ नऊ वर्षं मी तिच्या शेजारी बसते, भांडते, तिच्या डब्यातलं खाते.

तिचा नवरा, म्हणजे ताईच्या नात्याने माझे भावोजीच, एकदा बोलायला लागले की थांबायचं नाव नाही. घशाच्या ऑपरेशनमध्ये स्वरयंत्र काढावं लागणार हे कळलं तेव्हा तिने त्यांना महिनाभर माइकसमोर बसवलं. पेपरातल्या जाहिरातींपासून शिव्यांपर्यंत सगळं वदवून घेतलं. त्यातून एक प्रोग्रॅम तयार झाला. ऑपरेशननंतर भावोजी फोनवर टाइप करायचे आणि तो त्यांच्याच आवाजात बोलायचा. घरचा लॅपटॉप त्याला पुरेना, म्हणून साहेबांना विचारून तिने तो ऑफिसच्या चाचणी क्लस्टरवर ठेवला. क्लस्टर म्हणजे एकत्र चालणारी ढीगभर मशिनं, त्यात ज्याचा त्याचा कप्पा. हिच्या कप्प्याचं नाव ‘आवाज’. मूळ रेकॉर्डिंगही तिथेच. पुढे लॅपटॉपने मान टाकली आणि दुसरी प्रत काढायची राहून गेली. जगाला टिपा देणार, आणि स्वतःचं म्हटलं की ‘करते गं या रविवारी’. मी किती वेळा डोकं फोडलं तिच्यापुढे!

यंदा कंपनीने एक टूल काढलं. क्लस्टरवरचं नको असलेलं सामान एआय एजंटने, म्हणजे सांगितलेलं काम आपलं आपण उरकणाऱ्या प्रोग्रॅमने, स्वतः पुसावं, यासाठी. मॅन्युअल अर्थातच टीपताईकडे. तिचा हट्ट असा, की स्वतः चालवून पाहिलं नाही ते उदाहरण लिहायचं नाही. या टूलमध्ये पुसायची नुसती तालीम करता येते, खरं काही जात नाही. ती तालीम तिने स्वतःच्या कप्प्यावर केली, दुसऱ्याच्या वस्तूला हात कशाला लावा म्हणून. मग तीच आज्ञा मॅन्युअलमध्ये उतरवली. वाचणाऱ्याला पूर्ण आज्ञा दिसावी म्हणून तालमीची खूण काढली आणि ‘खात्री आहे: हो’ असं भरलं. कप्प्याचं नाव तेवढं बदलायचं राहिलं. खाली टीप होतीच: ‘कप्पा पुसला की त्यातली साठवणही जाते. परत आणता येत नाही.’

आता मॅन्युअल एजंटही वाचतात. सोमवारी कुणीतरी एजंटला सांगितलं, मॅन्युअल बघ आणि चाचणी क्लस्टर साफ कर. त्याने उदाहरण उचललं आणि जसंच्या तसं चालवलं.

दुपारी भावोजींचा मेसेज आला, ‘आवाज येत नाहीये. नेट गेलंय का?’ तिने हसत हसत स्क्रीन उघडली. क्लस्टरच्या नोंदींमध्ये मॅन्युअलमधली तिची स्वतःचीच ओळ होती. तिने कीबोर्डवरचे हात काढून मांडीवर ठेवले. साहेबांनी दोन दिवस सगळ्यांना कामाला लावलं, पण काही हाती लागलं नाही.

घरी भावोजींनी फोनमधला एक तयार आवाज लावून पाहिला. तो कुणीतरी गुळगुळीत माणूस तिला म्हणाला, “अगं, चहा टाकतेस का?” ती आत जाऊन भिंतीला टेकून उभी राहिली. भावोजींनी पाहिलं असावं. तेव्हापासून ते वहीत लिहून दाखवतात.

आता माझं ऐका. दुसऱ्या कुणी ‘वाचलं’ अशी खूण केल्याशिवाय आमच्याकडे मॅन्युअल बाहेर जात नाही. ती खूण माझी होती. ‘आवाज’ म्हणजे काय हे सगळ्या ऑफिसात मला सगळ्यात जास्त माहीत. मी तीन पानं चाळली, खूण केली आणि चहाला गेले. तिची चूक कधी सापडायचीच नाही, म्हणून मी वाचणंच सोडलं होतं.

शुक्रवारी ती मॅन्युअल दुरुस्त करत होती. मान न वळवता म्हणाली, “तू वाचलं होतंस ना गं?”

“हो.”

“बरं झालं. तुझ्याही नजरेतून सुटलं, म्हणजे कुणाच्याही सुटलं असतं. मी उगाच स्वतःला खात होते.”

मग तिने दुरुस्त केलेली प्रत माझ्याकडे पाठवली. या वेळी मी शेवटच्या टिपेपर्यंत वाचली. एकही चूक नव्हती.