मामींची जास्वंद

माणसांपेक्षा झाडांचे चेहरे ज्यांच्या जास्त लक्षात राहतात, असे गृहस्थ अख्ख्या रत्नागिरीत एकच, ते म्हणजे माझ्या बायकोचे मामा. जन्मभर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं. माझं नाव अजून चुकवतात, पण आमच्या फाटकावरच्या वेलीची चौकशी नावानिशी करतात. सांत्वनाला गेले तरी रडणाऱ्यांना ओलांडून थेट परसात! तिथून आवाज येतो, "ही तुमची जास्वंद गेल्या वर्षी इतकी फिकी नव्हती हो." आता बोला.

मामी गेल्या आणि महिन्याभरात त्यांची लाल जास्वंदही वाळली. तिच्या फांद्या मामींनी गावभर वाटलेल्या, पण कुणाकुणाला ते सांगून गेल्या नाहीत. तेव्हापासून मामा खिशात भिंग घालून लोकांच्या कुंपणाशी तासन्‌तास उभे राहतात. बायका दचकून दारं लावून घेतात.

गेल्या मे महिन्यात मी आणि मामा भाट्याला एका घराशी थांबलो. मालक आखातात, घराला तीन वर्षं कुलूप, विहीर कोरडी ठणठणीत. अंगणात जास्वंद मात्र लालेलाल आणि बुंध्याशी माती ओली. माझ्या अंगावर काटाच आला. मामा आपले भिंग लावून पुटपुटतायत, "पानाचे दात वरच्या अर्ध्यातच. पाच पाकळ्या, तळाशी काळपट डाग. केसरांच्या नळीवर ही खुरटी सहावी पाकळी." मग थबकले. "एकच राहिलं. साधी जास्वंद संध्याकाळी मिटते. आमच्या हिच्या जास्वंदीचं फूल दुसऱ्या सकाळीही उघडं असायचं. ते जुळल्याशिवाय फांदी घ्यायची नाही, जावईबापू." त्यांनी एका फुलाला पांढरा दोरा बांधला.

मला राहवेना. हे जुळलं नाही तर म्हातारा पुन्हा दारोदार फिरणार. कसलं शास्त्र नि कसलं काय! दुसऱ्या दिवशी उजाडताच मी गुपचूप एकटा गेलो, दोरा सोडून एखाद्या ताज्या फुलाला बांधायला. पाहतो तर दोऱ्याचं फूल सताड उघडं. माती पुन्हा ओली. आसपास चिटपाखरू नाही, वाऱ्याची झुळूक नाही, आणि ते एकटंच फूल हलतंय. खोटं कशाला सांगू, मी पळालोच असतो, पण फाटकाशी मामा उभे होते.

मी का आलो, हे त्यांनी विचारलंच नाही. भिंगही बाहेर काढलं नाही. फुलाशी वाकले आणि अगदी हळू म्हणाले, "अगो, केवढं शोधायला लावलंस."

मी मुकाट्यानं रस्त्यावर जाऊन उभा राहिलो. नवरा-बायकोच्या बोलण्यात आपण कशाला?