मागे फिरणारे दाजी

तलावाकाठच्या त्या लॉजवर सगळेच त्यांना दाजी म्हणत. लॉज त्यांच्या मेहुण्याचं, म्हणजे बायकोच्या धाकट्या भावाचं. त्याचे दाजी ते आपोआप सगळ्यांचे दाजी झाले. उन्हाळाभर पाहुण्यांना होडीतून मासेमारीला न्यायचं आणि कलत्या उन्हात टेकडीवर फिरवून आणायचं, हे त्यांचं काम. वारा अंगाला कसा लागतो यावरून ते दिवस ओळखायचे. पूर्वी अंदाज सहसा चुकत नसे.

अलीकडे मात्र हवेचा काही नेम राहिला नव्हता. पाणी इतकं तापायचं की मासे तळाला जाऊन बसत आणि पाहुणे हात हलवत परतत. त्या उन्हाळ्यात आभाळ काळवंडलं की दाजी होडी वळवत, आणि ती काठाला लागते न लागते तोच लख्ख ऊन पडे. असं वारंवार झालं. पाहुण्यांच्या तक्रारी आल्या. स्वयंपाकघरातली माणसं दाजींची नक्कल करत ताट घेऊन दारापर्यंत जात, वर बघत आणि मागे फिरत, तेवढीच करमणूक. दाजीही हसत आणि जेवण अर्धवट टाकून उठत.

एकदा मेहुण्याने त्यांना ऑफिसात बोलावलं. चहा मागवला, इकडचं तिकडचं बोलला. मग म्हणाला, "दाजी, राग मानू नका. पण जरा आभाळाकडे बघणं सोडा. लोक मासे धरायला येतात."

पुढच्याच आठवड्यात होडीत एक नवराबायको होते. बऱ्याच वेळाने बाईंच्या गळाला काहीतरी मोठं लागलं होतं. पश्चिमेकडून ढग चढत होते. दाजींनी पाहिलं, मान खाली घातली आणि थांबले. वारा आला तो एकदम. होडी खडकाकडे फेकली गेली. ती फुटू नये म्हणून दाजींनी उजवा हात मध्ये घातला. पाहुणे सुखरूप उतरले. दाजींची तीन बोटं गेली.

मेहुणा फळं घेऊन दवाखान्यात आला, तर बहिणीने त्याला दारातच अडवलं. तो समजावत राहिला की आपण नुसतं सुचवलं होतं, होडी वळवणं तर दाजींच्याच हातात होतं.

"हो," ती म्हणाली. "त्यांच्याच हातात होतं."

आता लॉजच्या मागे सिमेंटचं तळं आहे. त्यात विकत आणलेले मासे सोडलेत. पाहुणे खुर्चीत बसून मासा ओढतात, फोटो काढतात, परत सोडतात. पुष्कळ माशांचे ओठ फाटलेत. दाजी डाव्या हाताने त्यांना खाणं टाकतात. बायको म्हणते, सोडा ही नोकरी. ते म्हणतात, मला दुसरीकडे कोण घेणार?

ती भावाशी बोलत नाही. पण राहायची खोली त्याचीच. नळ गळायला लागला की सांगायला जावंच लागतं. तेव्हा ती दाजींना पाठवते.