पिवळ्या टोपीचा घोडा

पुण्याहून हैदराबादची गाडी सुटली तेव्हा माझ्या पिशवीत बाकरवडी, ताईच्या गुडघ्यांसाठी तेल आणि आमच्या शेजारच्या रिकाम्या फ्लॅटचं रंगीत माहितीपत्रक होतं. बाकरवडी आणि तेल हे निमित्त होतं.

माझा मुलगा त्याच वर्षी अमेरिकेला गेला होता. दोन हजार साल उजाडलं की जगातल्या कॉम्प्युटरांना म्हणे कोणतं साल आहे तेच कळेनासं होणार होतं, आणि त्यांना ते समजावून सांगायला अमेरिकेवाले आमच्याकडची पोरं विमानं भरभरून नेत होते. घरी एकट्या राहिलेल्या आईला आज कोणता वार आहे हे कळेनासं झालं, तर त्यासाठी कोणी कोणाला विमानाने पाठवत नाही. यजमान आधीच गेलेले. म्हणून मी ठरवलं की मलकपेठेतल्या माझ्या थोरल्या बहिणीला आणि भाऊजींना पुण्याला, थेट माझ्या शेजारीच आणायचं. बिल्डर ओळखीचा होता. मी परत येईपर्यंत फ्लॅट कोणाला देणार नाही, असं त्याने कबूल केलं होतं.

आमच्या संकुलाचं नाव इंग्रजी आहे आणि त्याचा अर्थ स्वर्ग असा होतो. स्वर्गात पोहण्याचा तलाव आहे. त्यात पाणी सोडावं की नाही यावरून दोन गट आहेत. रोज सकाळी सहाला हास्यक्लब भरतो. हात वर करून आम्ही गडगडाटी हसतो आणि साडेसहाला पार्किंगवरून भांडतो. समोरच्या फ्लॅटमधले कुलकर्णी हसताना माझ्या डाव्या हाताला उभे असतात. जिन्यातल्या कुंड्यांवरून वाद झाल्यापासून ते माझ्याशी बोलत नाहीत, फक्त हसतात. शिवाय मी 'आनंदी कसे राहावे' याचं शिबिरही केलं होतं. त्यामुळे हैदराबादला निघाले ती मागासलेल्या भागात लस टोचायला निघाल्यासारखी.

नामपल्ली स्टेशनवर सकाळी उतरले. रिक्षावाल्याला म्हटलं, मलकपेठ, आणि जरा लवकर.

"हल्लू (हळूहळू) जाएंगे, अम्मा," तो म्हणाला. "मलकपेठ कहाँ भाग रहा?"

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कॉम्प्युटर शिकवणाऱ्या क्लासांच्या पाट्या होत्या आणि पाट्यांच्या खाली इराणी हॉटेलं. पाट्यांवर लिहिलं होतं की सहा महिन्यांत आयुष्य बदलेल. हॉटेलात बशीतून चहा पिणाऱ्यांना ते कोणी वाचून दाखवलं नसावं. पुढे मुशी ओलांडली. खाली नदी आहे हे वासावरून कळलं.

भाऊजींचे वडील निजामाच्या काळात परभणीकडची शेती भावांवर सोडून इथे कारकुनीला आले. भाऊजी तारनाक्याच्या रेल्वे कचेरीतून निवृत्त झाले आणि तेव्हापासून खुर्चीतून उठलेले नाहीत, असं माझं मत आहे. मला पाहून ते खुर्चीतूनच आनंदले.

"या या, मेव्हणीबाई. परेशान नका होऊ, सामान राहू द्या तिथेच. पहिले चाय." मग आतल्या दिशेने, "अगं, चाय."

नाश्त्याला खिचडी होती आणि तिच्यावर खट्टा (चिंच, तीळ आणि कांद्याचं पातळ कालवण). आमच्याकडे खिचडी आजाऱ्याला देतात. इथे धडधाकट माणसं ती सकाळी सकाळी खाऊन आजाऱ्यासारखी आडवी होतात. चव मात्र अशी की मी दोनदा वाढून घेतली आणि माहितीपत्रक काढायला दुपार झाली.

भाऊजींनी ते मन लावून पाहिलं. तलाव पाहिला, लिफ्ट पाहिली, चित्रातल्या गोऱ्या कुटुंबाकडेही पाहिलं. मग टेबलावर ठेवून त्यावर गरम कप टेकवला.

"कागद जाड आहे," ते म्हणाले. "पण इथे काय कमी आहे, सांगा? माणसाला समाधान पाहिजे. अगं, अजून अर्धा कप होईल का?"

ताई ओट्याकडे गेली. गुडघ्यावर हात ठेवून उठायची, भिंतीला धरून चालायची. भाऊजींचं समाधान मी पुढचे दोन दिवस जवळून पाहिलं. ते सगळं ताईच्या गुडघ्यांवर उभं होतं. मनात म्हटलं, भाऊजी राहू देत बाजूला, ताईलाच फोडू. लिफ्टचं सांगितलं, शेजारच्या डॉक्टरबाईंचं सांगितलं, पोळ्यांना बाई मिळते हेही सांगितलं. ताई 'बघू' म्हणाली. मधल्या काळात चारमिनारला जाऊन मोती घेतले. ते प्लास्टिकचे होते हे पुण्याच्या सोनाराने नंतर हसत हसत सांगितलं.

रविवारी दुपारी ताई म्हणाली, "चल, वर चल. आज रेस आहे."

त्यांच्या तिसऱ्या मजल्याच्या गच्चीवरून रेसकोर्सचं एक वळण दिसतं. घोडे तिथे क्षणभर दिसतात आणि झाडांमागे जातात. निकाल लाउडस्पीकरवर ऐकू येतो. तेवढ्यासाठी अख्खी गल्ली गच्चीवर जमली होती. शेजारचे रशीदभाई टेलर आणि त्यांच्या बेगम, तळमजल्यावरच्या लक्ष्मम्मा, आणखी घरोघरची माणसं. ताई खाटेवर पाय पसरून बसली. पैसे लावायचे नसतात. ज्याने त्याने जॉकीच्या टोपीच्या रंगावरून एकेक घोडा आपला म्हणायचा, एवढंच.

"पाहुण्यांना पहिला मान," भाऊजी म्हणाले.

मी सकाळचा पेपर वाचून ठेवला होता. त्यात जो घोडा हमखास जिंकणार म्हणून लिहिलं होतं, तो पिवळ्या टोपीचा मी घेतला. सगळे खूश झाले. मग रशीदभाई म्हणाले, "हमारे को वो सफेद वाला दो. बिचारा हमेशा आखिर में आता." लक्ष्मम्मांनी लंगडणारा मागून घेतला. रडतखडत येणाऱ्या एका घोड्यासाठी तर भाऊजी आणि बेगमसाहेबांची ओढाताण झाली. मला या लोकांची कीव आली. जिंकण्याची इच्छाच मरून गेली की असं होतं, हे शिबिरात शिकवलं होतं.

घोडे वळणावर आले. पिवळी टोपी सगळ्यांच्या पुढे होती. लाउडस्पीकरने नाव पुकारलं तेव्हा मी दोन्ही हात वर केले आणि हास्यक्लबात हसतो तशी हसले. गच्चीने टाळ्या वाजवल्या.

"मुबारक हो, आपा," रशीदभाई म्हणाले. "अब चाय आप की."

नियम असा होता, की ज्याचा घोडा पहिला येईल त्याने सगळ्यांना चहा करून पाजायचा. म्हणून सगळे हरणारा घोडा शोधत होते, आणि जिंकण्याची घाई फक्त पुण्याहून आलेल्या बाईला होती.

परक्या स्वयंपाकघरात अख्ख्या गल्लीचा चहा करणं काय असतं ते मला त्या दिवशी कळलं. पातेलं सापडलं तर गाळणं सापडेना. एकदा उतू गेला. ट्रे घेऊन जिना चढून गच्चीवर पोचले तेव्हा निम्मा चहा ट्रेमध्ये होता. इथल्या लोकांना दूध आटवून केलेला दाट चहा लागतो, माझा आल्याचा पुणेरी चहा रशीदभाईंनी अदबीने संपवला आणि म्हणाले, "आपा, पानी बहोत अच्छा उबला."

ताईने मात्र कप दोन्ही हातांत धरला आणि डोळे मिटून घोट घेतला. तिच्या चेहऱ्यावर तेव्हा जे होतं, ते आमच्या शिबिरात शिकवणाऱ्याच्या चेहऱ्यावरही मी पाहिलेलं नाही.

"हा नियम कोणी काढला गं?" मी विचारलं.

"मी," ती डोळे न उघडता म्हणाली. "लग्नापासून या गच्चीवर चहा मीच आणत होते. एकदा म्हटलं, आजपासून जिंकेल तो करेल. पहिल्याच दिवशी हे जिंकले. चहाचा डबा कुठे असतो ते ह्यांना माहीत नव्हतं."

"मग आता तरी चल ना पुण्याला. तिथे मी करीन तुझा चहा."

"करशील. दोन रविवार करशील. मग आपण दोघी मिळून ह्यांना करून देऊ."

ताईने डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. "सुमे, तुला एकटं वाटतं ना?"

"हो," मी म्हटलं, आणि मला सगळ्यांदेखत रडू आलं.

"मग तसं म्हणायचं होतंस. लिफ्ट आहे, लिफ्ट आहे, काय सांगत होतीस." तिने माझा हात धरला. "मी नाही येणार गं. आठवड्यातून हा एक कप आहे माझा, तो सोडून कुठे जाऊ? तू येत जा."

परतीच्या गाडीत मला फार वाईट वाटत होतं. मी मागायला गेले होते ते मिळालं नव्हतं, आणि ताईचं चुकलं असंही म्हणता येत नव्हतं. वाडी स्टेशन गेल्यावर लक्षात आलं की माहितीपत्रक मी तिथेच विसरले आहे. भाऊजी अजून त्यावर कप ठेवत असतील. बिल्डरला नाही म्हणून सांगितलं. सकाळी सहाला जाऊन कुलकर्ण्यांच्या शेजारी हसू लागले.

काही दिवसांनी, रविवारी संध्याकाळी, ताईचा फोन आला. मागून गच्चीवरचा गलका ऐकू येत होता.

"सुमे, आज तुझ्या नावाने पिवळी टोपी लावली होती. आली बघ पहिली."

"अरे वा. मग?"

"मग काय, चहा कर."

"इथे? कोणाला?"

"ते तू बघ. तू कोणाला तरी पाजल्याशिवाय इथे स्टोव्ह पेटवायचा नाही असं ठरलंय. सगळे बिनचहाचे बसलेत. रशीदभाईंचं डोकं दुखायला लागलंय."

मी फोन ठेवला. चहा टाकला, किसून आलं घातलं आणि समोरची बेल दाबली. कुलकर्ण्यांनी साखळी न काढता दार उघडलं. पायजम्यावर होते. मागे टीव्ही एकटाच बोलत होता.

"चहा केलाय. येता का?"

"कशाबद्दल?"

"हैदराबादला माझा घोडा पहिला आला."

त्यांनी दार लोटून घेतलं. मग साखळी काढली. माझ्या खुर्चीत बसून दोन कप प्यायले, आलं कमी पडलं म्हणाले, आणि कुंड्या तरीही हलवाव्याच लागतील असं निक्षून सांगितलं. मला फार बरं वाटलं.

ते बसलेले असतानाच मी हैदराबादला फोन लावला.

"पाजला," मी म्हटलं. "पेटवा आता."