एकाच पडद्याचे दोन झगे

हॅनोव्हरच्या त्या शाळेत सुकन्या पाटणकरला सगळे एकाच गोष्टीसाठी ओळखत. समोसे. शाळेचा उन्हाळी मेळा असो, नाताळचा बाजार असो, नाहीतर कुण्या शिक्षकाचा निरोप असो, महिनाभर आधी कुणीतरी हसतमुखाने विचारायचंच, "फ्राऊ पाटणकर, तुमचे समोसे असणार ना?" आणि ही बाई, सांगलीची इंजिनिअर, दिवसभर गाड्यांच्या ब्रेकचे सुटे भाग तपासणारी, माप चुकलं तर अख्खा गाडीभर माल परत पाठवणारी, मान डोलावून म्हणायची, "जा, गेनाऊ." म्हणजे हो, अगदी बरोबर.

आता खरं सांगायचं तर सांगलीत हिच्या माहेरी जन्मात कधी समोसा तळला नव्हता. समोसा खायचा तो स्टँडजवळच्या हॉटेलातून आणून. घरी व्हायची ती कडबोळी, नाहीतर भडंग. पण लेक अन्वी बालवाडीत गेली तेव्हा तिथल्या बाईंनी 'तुमच्याकडचं काहीतरी' मागितलं, आणि काय ते स्वतःच सांगून टाकलं. मग सुकन्याने कंप्युटरवर व्हिडिओ लावून, बोटं पोळून घेत समोसे शिकून घेतले. एकदा हौसेने भडंग नेलं, तर डबा जसाच्या तसा परत आला. वर तिघाचौघांनी तोंड पाडून विचारलं की आज समोसे का नाहीत. तेव्हापासून तिने तो नादच सोडला.

तर त्या अन्वीचं यंदा आबिटूर झालं. आबिटूर म्हणजे इथली बारावी, पण तिचा थाट लग्नासारखा. निकाल लागला की शाळा मोठा हॉल घेऊन आबिबाल करते. मुली लांब झगे घालतात, मुलगे टाय बांधून अवघडून उभे राहतात, एकेकाचं नाव पुकारून स्टेजवर निकालपत्र देतात, आणि मग बापलेकींचा नाच होतो. सुकन्याने मनातल्या मनात लेकीचा झगा कधीच ठरवून ठेवला होता. मोरपंखी, नाहीतर अबोली. आणि पोरीने घरात काय आणावं, तर पडदा.

नदीकाठी शनिवारी जुना बाजार भरतो, तिथून अन्वी आणि तिची मैत्रीण लिओनी तो भला थोरला काळा मखमली पडदा दोन टोकांना धरून घेऊन आल्या. कुठल्याशा बंद पडलेल्या थिएटरचा होता म्हणे. त्याचा धुरकट वास चार धुण्यांनीही गेला नाही. दोघी पाचवीपासून एका बाकावरच्या, दोघींना काळ्या रंगाचं वेड, दोघी दर वर्षी लाइपझिगला गॉथ, म्हणजे काळ्या पेहरावाच्या शौकीन लोकांच्या मेळाव्याला जाऊन चेहरे पांढरे करून येणाऱ्या. सुकन्याच्याच मशीनवर त्यांनी त्या पडद्याचे दोन झगे बेतले. गळा हनुवटीपर्यंत बंद, कंबर मागून दोऱ्यांनी आवळलेली, मनगटावर काळी लेस लोंबतेय, आणि खाली घेर असा की दारातून तिरकं व्हावं लागे.

"निकाल लागलाय की सुतक?" सुकन्याने विचारलं. "चांगल्या दिवशी काळं घालतात का गं? आणि तेही कुणाच्या पडद्याचं?"

अन्वीला मराठी सगळं कळतं, पण उत्तर जर्मनमध्येच येतं. ती म्हणाली, "तू संक्रांतीला घालतेस की काळी साडी. आणि सगळ्यांत छान तीच दिसते तुला."

"संक्रांतीचं वेगळं."

"का वेगळं?"

यावर सुकन्या चिडली. चार दिवस धुसफुसत राहिली. पण मशीनची सुई अडकली तेव्हा तीच उठून आली, बोटाने मखमल सारून बघितली, आणि काखेतली शिवण उसवून नीट घालून दिली. शिवण तरी धड असावी, एवढंच तिचं म्हणणं होतं.

आणि मग फ्राऊ ब्रिंकमानचा फोन आला. या बाई समारंभाच्या प्रमुख. आवाज मधाळ. त्यांचं म्हणणं असं की अन्वी साडी नेसून येणार हे ऐकून सगळ्यांना फार आनंद झालाय. तर शक्यतो लाल साडी असावी. सुरुवातीला अन्वी स्टेजच्या मध्यभागी उभी राहून तो उंच भारतीय दिवा लावेल, आणि तोच फोटो शाळेच्या वेबसाइटवर जाईल. हो, आणि समोसे आहेतच.

"साडी?" सुकन्या म्हणाली. "कोण म्हणालं?"

कोण म्हणणार? मोहनराव. पालकसभेत बाईंनी विचारलं आणि नवरोबांनी मान हलवली, घरात एका शब्दाने न सांगता. सुकन्याच्या डोक्यात तिडीक गेली, पण तिने आधी फोनवरचं निस्तरायचं ठरवलं. अन्वीने काळा झगा शिवलाय, असं तिने चाचरत सांगितलं.

"ओह," बाई म्हणाल्या. "शाडं." म्हणजे अरेरे. इथली माणसं हा शब्द असा सोडतात की ऐकणाऱ्यालाच वाटावं, आपल्या हातून काहीतरी फुटलं.

"पण लिओनीनेही तसाच शिवलाय," सुकन्या म्हणाली.

"हो, लिओनी! किती धीट पोरगी. तो तिचा स्वभावच आहे, तिचं स्वतःचं असं काहीतरी आहे. पण अन्वीकडे तर एवढी सुंदर संस्कृती आहे, फ्राऊ पाटणकर. ती अशी काळ्यात झाकून टाकायची?"

घ्या. पडदा एक, कात्री एक, मशीन एक. त्यातून लिओनीला निघाला स्वभाव आणि आमच्या पोरीला निघाली संस्कृती. सुकन्याच्या कानशिलात रक्त चढलं, तोंडाशी चांगली चार वाक्यं आली, आणि अठरा वर्षांच्या सवयीने बाहेर काय पडलं? "जा, गेनाऊ." फोन ठेवल्यावर तिला स्वतःचीच अशी चीड आली की तिने ओट्यावरची धुतलेली भांडी पुन्हा धुवायला घेतली.

संध्याकाळी मोहन आला तो नेमका त्या भांड्यांच्या आवाजात. मोहन मोठ्या कारखान्यात डिझाइनला आहे. स्वभावाने गरीब, पण गरीब म्हणजे किती? रविवारी शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून मिक्सर लावू न देणारा, फोडणी करायची तर आधी खिडक्या बंद करणारा. आपण इथे आहोत हे कुणाच्या लक्षातच येऊ नये, अशी त्याची जगण्याची एकूण पद्धत.

"अहो, तुम्ही कुणाला विचारून हो म्हणालात?"

"अगं, एका संध्याकाळचा तर प्रश्न. नेसली साडी तर काय बिघडतं? त्यांना बरं वाटतं."

"त्यांना बरं वाटावं म्हणून मी आजवर समोसे तळतेय. आता पोरगीही तळायची का?"

हे सगळं अन्वी दारात उभी राहून ऐकत होती. ती खोलीत गेली, झगा काढला, घडी घातली आणि बाजारातून पडदा आणलेल्या त्याच पिशवीत कोंबला. सुकन्या मागोमाग गेली.

"मी जात नाही," अन्वी म्हणाली. "निकालपत्र पोस्टाने येतं. लिओनीला सांगितलंय मी."

"असं काय करतेस?"

"तुला आठवतं, मी पाच वर्षांची होते, बालवाडीत फाशिंग होतं?" फाशिंग म्हणजे फेब्रुवारीतला सोंगांचा सण. "मला चेटकीण व्हायचं होतं. बाई म्हणाल्या, तू भारतीय राजकन्या हो, तुझ्याकडे कपडे आहेतच. तू मला परकर-पोलका घातलास. सगळ्यांनी सोंग घेतलं होतं आणि मी आपली मीच होते. दिवसभर सगळे मला हात लावून बघत होते."

सुकन्याला ते आठवत होतं. खणाचा परकर, आजीने पाठवलेला. पोरगी कोपऱ्यातल्या बाकावर बसून होती आणि घ्यायला गेल्यावर कडेवर चढून मानेत तोंड खुपसून रडली होती. तेव्हा सुकन्याला वाटलं होतं, जरीचा काठ टोचला असेल.

वाकून तिने पिशवीतून झगा बाहेर ओढला, झटकला, आणि इस्त्री तापत ठेवली.

"जायचं," ती म्हणाली. "आणि हाच घालून जायचं. कोण काय म्हणतं ते मी बघते." स्वयंपाकघराकडे तोंड करून ती म्हणाली, "आणि तुम्ही त्या बाईंना फोन करा. हो तुम्ही म्हणालात, नाहीही तुम्हीच म्हणायचं."

"मी बोलतो," मोहन म्हणाला. आणि मोहनचं 'बोलतो' म्हणजे काय, हे बायकोला माहीत असायला हवं होतं.

समारंभाच्या दिवशी सुकन्या आपली हिरवी इरकल नेसली. कुणी सांगितलं म्हणून नव्हे, तिला आवडते म्हणून. समोसे केले नाहीत. मोहनने दोनदा रिकाम्या ओट्याकडे बघितलं, पण विचारायची छाती झाली नाही. हॉलच्या दाराशी लिओनी थांबलीच होती. दोघींनी एकमेकींच्या पाठीवरच्या दोऱ्या आवळून दिल्या आणि हसत आत शिरल्या.

फ्राऊ ब्रिंकमानचं लक्ष आधी लिओनीकडे गेलं. "वा, काय धाडस!" मग अन्वीकडे, आणि चेहरा उतरला. मग सुकन्याकडे. "बघ अन्वी, आई किती सुंदर दिसतेय." अन्वीने मान खाली घातली. बाई लगबगीने आत गेल्या आणि हातात एक लालभडक टिकल्याटिकल्यांची ओढणी घेऊन आल्या, नाटकाच्या कपड्यांतली. "मला वाटलंच होतं, म्हणून काढून ठेवली. नुसती खांद्यावर घे. फक्त फोटोपुरती."

आणि त्यांनी ती अन्वीच्या खांद्यावर टाकलीसुद्धा. विचारायची गरजच वाटली नाही. मखमलीवर त्या टिकल्या अशा दिसत होत्या की लिओनीनेही नजर वळवली. मोहन बुटांकडे बघत होता. अन्वीने ओढणी काढली नाही. ती बालवाडीतल्या त्या बाकावर बसली होती तशीच उभी राहिली. सुकन्याने ते बघितलं आणि तिची अठरा वर्षांची 'जा, गेनाऊ' तिथे संपली.

"फ्राऊ ब्रिंकमान," ती जर्मनमध्ये म्हणाली, आवाज न चढवता, ऑफिसात माल परत पाठवताना असतो तसा, "आज तुम्ही डिर्न्डल का नाही घातलं?"

डिर्न्डल म्हणजे बव्हेरियाकडच्या बायकांचा तो पुढे एप्रन बांधलेला झगा. जगभर जर्मन बाई म्हटली की चित्रात तोच काढतात. बाईंना आधी कळेचना. मग त्या चांगल्याच दुखावल्या.

"मी? मी हॅनोव्हरची आहे. ते बव्हेरियातलं. आमचा काय संबंध त्याच्याशी? मी उभ्या आयुष्यात कधी घातलं नाही."

"गेनाऊ," सुकन्या म्हणाली. "समोसाही आमच्या सांगलीचा नाही. मी तो इथे शिकले, तुमच्यासाठी. आणि ही ओढणी तर कुणाचीच नाही." तिने ती लेकीच्या खांद्यावरून उचलली. "लिओनीने काळं घातलं तर तो तिचा स्वभाव. माझ्या मुलीने त्याच पडद्याचं घातलंय. स्वभाव तिलाही आहे. नसेल चालत तर सांगा, आम्ही तिघं आत्ता घरी जातो."

"चौघं," लिओनी म्हणाली.

बाईंचं तोंड उघडं राहिलं. मागे रांग लागली होती, सगळे ऐकत होते. तेवढ्यात मोहन पुढे झाला. सुकन्याला वाटलं, आता हा माफी मागतो. त्याने तिच्या हातातली ओढणी घेतली, चारही टोकं जुळवून व्यवस्थित घडी घातली आणि बाईंच्या हातात ठेवली. "हो मी म्हणालो होतो," तो म्हणाला. "तिला न विचारता. चुकलं माझं, पण ते तिच्यापाशी. तुमच्यापाशी नाही."

दिवा लावायचा कार्यक्रम रद्द झाला. बाई नंतर संध्याकाळभर या कुटुंबाकडे फिरकल्या नाहीत. जेवणाच्या टेबलापाशी कुण्या गृहस्थांनी समोसे कुठेत म्हणून विचारलं आणि नाहीत म्हटल्यावर 'शाडं' म्हणून सुस्कारा सोडला. सुकन्याने त्यांना बटाट्याचं सॅलड दाखवलं.

मग नाव पुकारलं गेलं. अन्वी पाटणकर. आडनावाची पार वाट लावून. जून महिन्याचं ऊन अजून खिडक्यांतून आत येत होतं, आणि त्यात काळ्या झग्याचा तो घेर सावरत, हनुवटी वर करून, कुणाकडेही न बघता पोरगी पायऱ्या चढली. वर गेल्यावर वळून तिने आईला शोधलं आणि काळे रंगवलेले ओठ ताणून दात दाखवून हसली.

पाचव्या वर्षी चेटकीण व्हायचं होतं तिला. झाली एकदाची.