आबांचा नमस्कार

हे मी आजवर कुणालाच सांगितलं नाही. बायकोलासुद्धा नाही — तिला वाटतं, आबांची ती तऱ्हाच होती.

आमचं गाव अवसरी बुद्रुक. आम्ही बौद्ध. आबा, म्हणजे माझे वडील, गवंडी. येता-जाता त्यांच्या तोंडी 'जय भीम'. मंचरच्या एसटीत कुणी तसं म्हणालं की आबा सरकून त्याला जागा द्यायचे, घरदार विचारायचे. एका शब्दावर माणूस आपला व्हायचा.

आणि मी? नव्वद साली पुण्यात नोकरी लागली, खोली मिळाली. आडनावावरून काही कळत नव्हतं. मालकांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. खोटं बोललो का? छे — नुसता गप्प राहिलो. त्यात मी लई हुशार.

मग आबा पहिल्यांदा आले, भुईमुगाच्या शेंगांची पिशवी घेऊन. स्टँडवरून रिक्षात बसलो आणि — सांगून टाकतो एकदाचं — मी म्हणालो, "आबा, मालकांना नमस्कार म्हणा. आपलं ते... इथं नको."

ते बाहेर बघत राहिले. मग म्हणाले, "बरं. तुला तरास नको."

चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं. पण त्यांनी मालकांना हात जोडून नमस्कार घातला, वर भिंतीच्या गिलाव्याचं कौतुक केलं. मी सुटलो. लाज? तेव्हा नाही वाटली.

पुढच्या रविवारी एसटीडी बूथवरून त्यांचा फोन आला. "नमस्कार. आबा बोलतोय."

बापानं पोराला नमस्कार घालायचा? पण फोन मालकांच्या हॉलमध्ये, मालक समोर पेपर वाचत बसलेले. मी नुसतं 'हं' म्हणालो.

त्यानंतर गावी गेलो तरी तेच. भावकीला 'जय भीम', मला 'नमस्कार'. एकदा धीर करून मीच आधी 'जय भीम' म्हणालो, तर हसले. "आसू दे. सवय लागंल, मंग तिकडं तोंडातनं जाईल." रागानं नव्हे हो, मायेनंच म्हणाले. तेच सहन होत नाही.

पुढं माझं स्वतःचं घर झालं, मालक सुटले. भीती काही सुटली नाही.

शेवटी आबा मंचरच्या दवाखान्यात होते. भेटायला येईल त्याला खोल गेलेल्या आवाजात 'जय भीम' म्हणत होते. मी खाटेजवळ गेलो. त्यांनी डोळे उघडले, मला ओळखलं. सलाईनचा हात कसाबसा दुसऱ्या हाताला लावला आणि म्हणाले, "नमस्कार."

माझ्यासोबत ऑफिसातले दोघे आले होते. मीही नमस्कार म्हणालो.